फायटरचं शेपूट सडतंय की तो स्वतःच कुरतडतोय?

लहानशा बरणीत, न बदललेल्या पाण्यात महिनोन्‌महिने राहिलेला फायटर मासा आपल्याकडे आला की नजर आधी जाते ती त्याच्या फाटक्या परांकडे. रंग उतरलेला असतो, पोट खपाटीला गेलेलं असतं, मासा तळाशी पडून असतो. पण चिंध्या झालेलं शेपूट पाहून जीव कळवळतो आणि हात सरळ औषधाच्या बाटलीकडे जातो. ती उघडण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यायला हवी. बेट्टाचे, म्हणजे या फायटरचेच, पर दोन अगदी निराळ्या कारणांनी असे होतात. एकात जिवाणू पर सडवत आत सरकत असतात. याला फिन रॉट म्हणतात. दुसऱ्यात मासा गर्रकन वळून स्वतःचंच शेपूट तोंडात धरतो आणि लचका तोडतो. हे टेल बायटिंग. घाईत पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात. मात्र पहिल्यात आधी पाणी आणि प्रसंगी औषध लागतं. दुसऱ्यात औषधाचा काडीचाही उपयोग नसतो, उलट आधीच खंगलेल्या माशाच्या अंगावर आणखी एक रसायन पडतं.

किती पर गेला हे मोजत बसू नका, जो उरलाय त्याची कड बघा. खोलीतला दिवा मंद करा, टॉर्च बाजूने धरा आणि मासा वळेल तेव्हा पराचा अगदी शेवटचा दोन मिलिमीटरचा भाग न्याहाळा. सडणाऱ्या पराची कड मळकट असते: कधी काळपट किंवा तपकिरी, कधी लालसर, कधी पांढुरकी आणि भुसभुशीत. ती सरळ नसते. पराच्या बारीक काड्यांमधला पातळ पडदा विरून गेलेला असतो आणि काड्यांची टोकं सुट्या दोऱ्यांसारखी बाहेर डोकावत असतात. चावलेल्या पराची कड याच्या नेमकी उलट. अर्धगोल लचका गेलेला दिसतो, पण तो जिथे संपतो तिथपर्यंत पराचा मूळ रंग शाबूत असतो. ना काळी रेघ, ना लाली, ना लोंबणारे धागे. एक सावधगिरी: काही बेट्टांच्या परांना जन्मतःच गडद किनार असते. ती सगळ्या परांवर सारख्या जाडीची आणि सलग असेल, तर तो रंग आहे, रोग नाही.

कडेवरून उलगडा झाला नाही तर जागा बघा. माझा सर्वांत जास्त भरवसा याच खुणेवर आहे. माशाला स्वतःचं शेपूट चावता येतं, पाठीवरच्या आणि पोटामागच्या लांब पराचं मागचं टोक कसंबसं तोंडात येतं. कल्ल्यांमागचे छोटे, सतत हलणारे पर आणि पोटाखाली लोंबणारे दोन निमुळते पर यांच्यापर्यंत मात्र त्याचं तोंड पोहोचत नाही. तेही झिजलेले असतील, तर तिथे दात लागलेले नाहीत. पाण्यात काहीतरी बिघडलं आहे. याउलट शेपटीत मोठं खिंडार आणि बाकी सगळे पर धड, असं दिसलं तर संशय कुरतडण्याचाच घ्यावा.

तिसरी खूण वेळेची. सडणं सहसा दिवसादिवसाने, कडेकडून आत सरकतं. कुरतडणं रातोरात होतं: संध्याकाळी अख्खं असलेलं शेपूट सकाळी अर्धं. अडचण अशी की दुर्लक्षित माशाचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो. कालपर्यंत काय होतं हेच माहीत नसलं तर वेग कळणार कसा? म्हणून पहिल्या दिवसापासून रोज एकाच वेळी, एकाच बाजूने मोबाइलवर फोटो काढत जा. तीन-चार दिवसांत फोटोच बोलू लागतात. कड तसूभरही हलली नसेल तर ती जखम कदाचित जुनीच असेल, आणि तिचं कारण ती बरणी सुटली तेव्हाच सुटलं असेल. अशा माशाला स्वच्छ पाण्यापलीकडे काही द्यावं लागत नाही.

रातोरात होणाऱ्या नुकसानीला एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवावाच लागतो. कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूंचा आजार एक-दोन दिवसांतही पर खाऊन टाकू शकतो. पण तेव्हा मासा नुसता शेपूट गमावलेला दिसत नाही. अंगावर, बहुधा पाठीवर, फिकट राखाडी-पांढरा पट्टा येतो, तोंडाभोवती पांढरट थर दिसतो, कल्ले जोरात चालतात आणि मासा खाणं सोडतो. शेपूट कुरतडणारा मासा बहुतेक वेळा खातो, हिंडतो, काचेजवळ येऊन तुमच्याकडे बघतो. प्लास्टिकच्या टोकदार झाडात अडकून फाटलेला पर मात्र सहज ओळखू येतो: काड्यांच्या मधोमध सरळ चीर, तुकडा गायब नाही. ते झाड काढून टाकलं की काम झालं.

पर सडवणारे जिवाणू, म्हणजे एरोमोनास, स्यूडोमोनास वगैरे, बाहेरून अवचित येत नाहीत. ते जवळपास प्रत्येक टाकीत असतात आणि धडधाकट माशाचं काही बिघडवू शकत नाहीत. माशाची विष्ठा, त्याचे कल्ले आणि कुजलेलं खाणं यांतून पाण्यात अमोनिया साठतो, त्याने पर आणि कल्ले पोळतात, थंड पाण्याने प्रतिकारशक्ती ढासळते, आणि मग या जिवाणूंचं फावतं. बेट्टाच्या बाबतीत ही गोष्ट फार उशिरा लक्षात येते. त्याच्या डोक्यात लॅबिरिंथ नावाचं श्वसनाचं जादा इंद्रिय आहे, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. पाण्यात प्राणवायू उरला नाही तरी तो तगतो. या तगण्यालाच लोक ‘याला काही लागत नाही’ असं समजतात. त्या हवेने अमोनियाचं विष कमी होत नाही. मला या गैरसमजाची मनापासून चीड आहे, कारण बरणीतले बहुतेक बेट्टा याच एका समजुतीपायी झिजतात.

कुरतडण्याचं मूळ वेगळं आहे. थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. तिथल्या उथळ, संथ, झाडोऱ्याने भरलेल्या पाण्यातल्या रानटी बेट्टाचे पर छोटे असतात. हाफमून किंवा रोझटेल या पाळीव प्रकारांचं पसरट शेपूट माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेलं आहे, आणि ते वाहून नेणं माशाला खरोखर जड जातं. त्यात फिल्टरचा प्रवाह जोराचा असेल, काचेत दिवसभर स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल, किंवा टाकी इतकी मोकळी असेल की लपायला एक पानही नाही, तर तो ताण शेपटीवर निघतो. आखूड परांच्या प्लाकाटमध्ये हा प्रकार क्वचितच दिसतो, म्हणून तुमच्याकडे कोणत्या जातीचा बेट्टा आहे हेही निदानात धरा.

सडणं आहे असं ठरलं तर पहिला उपचार पाण्याचा. इथे घाई नडते. खूप दिवस न बदललेल्या पाण्याचा पीएच उतरलेला असतो, आणि कमी पीएचमध्ये बराचसा अमोनिया कमी विषारी अशा अमोनियम रूपात असतो. त्यात एकदम जास्त पीएचचं ताजं पाणी ओतलं की तोच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतो. म्हणून क्लोरीन काढणारं आणि अमोनियाही निष्प्रभ करणारं वॉटर कंडिशनर घातलेलं नवं पाणी बरणीत थोडं थोडं घालत तासाभरात माशाला त्याची सवय करावी, आणि मग फक्त मासा नव्या टाकीत न्यावा. बरणीतलं पाणी टाकीत ओतू नये. दोन्हीकडचं तापमान सारखं असणं पीएचइतकंच महत्त्वाचं. नुसतं पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) जात नाही. तेव्हा कंडिशनर वापरणंच बरं.

टाकी निदान १५ ते २० लिटरची हवी. झाकण हवं, कारण बेट्टा उडी मारतो. वर हवेसाठी थोडी मोकळी जागाही हवी. हीटर लावून पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवा. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेही विषारीच असलेलं नायट्राइट शून्य यायला हवेत. नव्या फिल्टरमध्ये ही दोन्ही विषं पचवणारे उपयोगी जिवाणू बसायला बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर रोज किंवा दिवसाआड चाचणी करायची आणि आकडा शून्याच्या वर दिसला की पाव ते अर्धं पाणी बदलायचं. हे कंटाळवाणं काम आहे, पण सौम्य फिन रॉट पुष्कळदा एवढ्यानेच थांबतो.

थांबला नाही तर मीठ. साधं मत्स्यालयाचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, दर लिटरला सुमारे १ ग्रॅम, आधी वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून, जास्तीत जास्त १० दिवस. मीठ वाफेबरोबर उडत नाही. त्यामुळे जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरतं नवं मीठ घालायचं. उडालेल्या पाण्याची भर नुसत्या पाण्याने करायची. टाकीत जिवंत झाडं किंवा गोगलगायी असतील तर हा उपचार वेगळ्या डब्यात करा. एप्सम सॉल्ट हा निराळा पदार्थ आहे, तो इथे कामाचा नाही.

अँटिबायोटिकची वेळ येते ती कड रोज आत सरकत असेल, पराच्या मुळाशी लाली आली असेल किंवा सड अंगाला भिडली असेल तेव्हा. ते माशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला विचारून, सांगितलेल्या मात्रेत आणि पूर्ण मुदतीसाठीच द्यावं. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. औषधाने फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरू शकतात आणि अमोनिया पुन्हा वर येतो. कुरतडलेल्या शेपटीवर ‘असू दे खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिक घालू नये, याचं मुख्य कारण हेच.

कुरतडणाऱ्यासाठी टाकीची मांडणी बदलायची. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावून प्रवाह तोडा. मागच्या आणि बाजूच्या काचेला बाहेरून गडद कागद लावा, म्हणजे प्रतिबिंब कमी होईल. दिवा दिवसाला आठ-दहा तासांवर नको. मऊ पानांची झाडं भरपूर लावा, आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळ टेकायला एखादं रुंद पान असू द्या. जड शेपटीच्या माशाला हवा घ्यायला तळापासून वर येण्याचे कष्ट त्याने वाचतात. काही मासे एवढं करूनही कुरतडतात. सवयच लागलेली असते. तेव्हा जखम स्वच्छ ठेवणं एवढंच आपल्या हाती राहतं.

खाण्याचं दोन्हीकडे सारखंच. मासा उपाशी होता म्हणून भरभरून घालू नका. दोन-तीन बारीक पेलेट, दिवसातून दोनदा, आणि उरलेलं लगेच काढायचं.

दुर्लक्षित माशात ही दोन्ही दुखणी एकत्रही सापडतात, कारण चावलेल्या जागी उघडी जखम असते आणि घाण पाण्यात ती सडू लागते. अशा वेळी सडण्याला आधी धरा. पाणी सुधारा, कड स्वच्छ होऊ द्या, मग टाकीच्या मांडणीकडे वळा. प्रवाह कमी करणं तेवढं पहिल्याच दिवशी करून टाका, त्याने कोणाचंच नुकसान होत नाही.

आणि एक घोटाळा बरं होताना होतो. काही आठवड्यांनी फाटक्या कडेला पातळ, पारदर्शक किंवा दुधाळ पट्टी दिसू लागते. पुष्कळ जण ती बुरशी समजून पुन्हा औषध घालतात. तो नवा पर असतो. बुरशी कापसासारखी फुगीर असते आणि पराच्या पृष्ठभागावर बसते. नवा पर सपाट असतो, त्यात काड्यांच्या बारीक रेषा आत शिरताना दिसतात, आणि फोटोंमध्ये पट्टी हळूहळू रुंद होत जाते. सुरुवातीला तो थोडा चुणलेला किंवा वाकडा असू शकतो आणि रंग मागाहून भरतो, कधीकधी आधीच्यापेक्षा वेगळाच. शेपूट भरून यायला महिने लागू शकतात. सड पराच्या अगदी मुळापर्यंत गेली असेल तर तेवढा भाग परत येईलच असं नाही. पारदर्शक पट्टी दिसू लागली की मीठ चालू असेल तर ते पाणी बदलत बदलत कमी करून थांबवा, तापमान तेच ठेवा आणि पाण्याची चाचणी सोडू नका.