प्रेपची गोळी आणि घरचे डोळे

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून निरोगी माणसाने रोज घ्यायची गोळी म्हणजे प्रेप. अमेरिकेत तिला जुलै २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्यातलं टेनोफोविर हे औषध एचआयव्हीच्या उपचारातही वापरतात, आणि खरी गोची तिथेच झाली. बाईच्या पिशवीत ती डबी सापडली की घरचे एकच अर्थ काढणार.

याचा मोठा फटका बसला प्रेपच्या ‘व्हॉइस’ या चाचणीला. २००९पासून दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या पाच हजारांवर स्त्रिया तीत होत्या. गोळ्या नियमित घेतो, असं बहुतेकजणी सांगत. उरलेल्या गोळ्या मोजल्या तरी हिशेब जुळे. रक्त तपासल्यावर मात्र एक तृतीयांशाहून कमी नमुन्यांत औषध सापडलं. २०१३ मध्ये निकाल आला: गोळीने संरक्षण मिळाल्याचं दिसलं नाही. पुढे मुलाखतींतून कारणं कळली. जोडीदार संशय घेईल, लोक आजारी समजतील, धडधाकट असताना औषध कशाला. काहीजणी गोळ्या चक्क फेकून देत. त्यांना खोटारड्या ठरवणं सोपं आहे; पण खरं सांगण्याची सोय तरी त्यांना कुठे होती?

त्याच काळात केनिया आणि युगांडात जोडप्यांवर ‘पार्टनर्स प्रेप’ ही चाचणी झाली. दोघांपैकी एकाला एचआयव्ही होता आणि दुसऱ्याला ते ठाऊक होतं. तिथे दोन औषधांच्या गोळीने लागण ७५ टक्क्यांनी घटली. घरात लपवण्यासारखं काही नव्हतं, हा फरक माझ्या मते कुठल्याही समुपदेशनापेक्षा मोठा.

भारतात प्रेपचे पहिले मोठे प्रयोग झाले ते कोलकात्याच्या सोनागाचीत आणि म्हैसूरमध्ये, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या संघटनांमार्फत: दुर्बार आणि अशोदया. सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून वस्तीतल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं होतं. त्यामुळे गोळी घेतली का हे विचारायला दारात यायची ती ओळखीची मैत्रीण. दोन्ही ठिकाणी मिळून तेराशेच्या आसपास स्त्रिया होत्या. बहुतेकजणी शेवटपर्यंत टिकल्या आणि एकीलाही लागण झाली नाही.

आता सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकॅपाविर हे इंजेक्शन आलंय. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी कोणालाही लागण झाली नाही. घरात डबी ठेवायची गरज त्याने संपते. दवाखान्यात कोणी पाहील ही धास्ती उरतेच.