बुद्धांनी प्रत्येक दुःख मागच्या जन्माच्या माथी मारलेलं नाही

गारपिटीनं हरभरा झोपला, कारखान्यावर ऊस तोडताना बाईची कंबर धरली, की आपल्याकडं कुणीतरी म्हणतंच, 'मागच्या जन्मीचे भोग, बुद्धानंही हेच सांगितलंय.' परभणी-बीडकडं हे फार ऐकलं. ते खरं नाही, आणि दुखावलेल्या माणसालाच दोषी धरणारं हे बोलणं मला सहन होत नाही.

संयुत्तनिकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, एक प्रसंग आहे. राजगृहाच्या वेळुवनात सीवक नावाचा परिव्राजक (भटका संन्यासी) बुद्धांना थेट हाच प्रश्न विचारतो: सुख-दुःख जे वाट्याला येतं, ते सगळं पूर्वकर्मामुळंच का? बुद्ध आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात आणि तिन्ही एकत्र बिघडणं. मग ऋतू बदलणं, शरीराची आबाळ, बाहेरून झालेला आघात. कर्माचं फळ आठवं, शेवटचं. सगळं पूर्वकर्मामुळंच म्हणणारे स्वतःला कळणारं आणि जगानं खरं मानलेलं, दोन्ही ओलांडून जातात, म्हणून ते चुकीचे, असंही ते स्पष्ट सांगतात.

म्हणजे वैशाखात रानात ऊन लागलं तर कारण ऊनच. मोळ्या उचलून कंबर गेली तर ती आबाळ. (कर्म त्यांनी नाकारलं नाही, हेही तितकंच खरं.)

सारनाथच्या पहिल्या उपदेशातही दुःख सांगून ते थांबत नाहीत. लगेच त्याचं कारण म्हणजे तृष्णा, तिचा निरोध (ती संपवणं) आणि त्यासाठीचा अष्टांगिक मार्ग येतो. भोगत बसा, असं त्यात कुठंच नाही.