काळ्यावर पांढरा ओतला तर

ड्युको म्हटलं की आपल्याला गॅरेज आठवतं, नाहीतर सुताराने दाखवलेला कपाटाच्या दाराचा चकचकीत नमुना. मेक्सिकन भित्तिचित्रकार डेव्हिड आल्फारो सिकेरोस मात्र गाड्यांच्या याच रंगाने चित्रं काढत असे. 1936 साली त्याने न्यूयॉर्कमध्ये एक कार्यशाळा थाटली आणि तिला नावही ‘प्रायोगिक कार्यशाळा’ असंच दिलं. यंत्रयुगाचं चित्र यंत्रयुगाच्याच साहित्याने काढावं, असं त्याचं ठाम मत होतं.

तिथला एक प्रयोग असा. फळी आडवी ठेवायची, तिच्यावर एक रंग ओतायचा आणि तो ओला असतानाच वर दुसरा. बस्स. पुढचं काम रंगच करत. वरचा थर जागोजागी फाटू लागे, फटींतून खालचा रंग ठिपक्या-ठिपक्यांनी डोकं वर काढी, ठिपके पसरत एकमेकांना भिडत आणि जाळी तयार होई. सिकेरोस याला ‘अपघाती चित्रण’ म्हणे.

या अपघाताचा पंचनामा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. द्रवगतिकीचे अभ्यासक रॉबर्तो झेनित आणि कला-अभ्यासक सांद्रा झेतिना यांच्या चमूने मेक्सिकोत हेच ओतकाम प्रयोगशाळेत करून पाहिलं. काळ्यावर पांढरा ओतला की नक्षी उमटते; पांढऱ्यावर काळा ओतला तर दोन्ही थर जागच्या जागी राहतात! कारण रंगछटेत नाही, वजनात आहे. पांढऱ्याची घनता काळ्यापेक्षा जास्त. जड थर वर आणि हलका खाली, ही मांडणी टिकत नाही. दोघांच्या सीमेवर बारीकशी लहर उठली तरी ती वाढत जाते. जड द्रव खाली घुसतो, हलका उसळून वर येतो. याला रॅले-टेलर अस्थिरता म्हणतात. ठिपके किती मोठे होणार, हे घनतेतला फरक, रंगाचा दाटपणा आणि थराची जाडी यांवर ठरतं. ताऱ्याच्या स्फोटातून उरलेल्या क्रॅब तेजोमेघातले तंतूही याच अस्थिरतेतून घडले, असं मानलं जातं.

नक्षी पुढे विस्कटून का जात नाही? ड्युकोतला नायट्रोसेल्युलोज झटपट वाळतो. द्रावक उडालं की रंग घट्ट होतो आणि नक्षी आहे तिथेच थिजते. तैलरंग इतक्या लवकर वाळत नाहीत.

म्हणून मला ‘अपघाती’ हा शब्द जरा फसवा वाटतो. कुठला ठिपका कुठे उमटणार हे सिकेरोसच्या हातात नव्हतं, पण कोणता रंग वर, किती पातळ, किती जाड, हे त्यालाच ठरवायचं होतं. त्याच वर्षीच्या ‘सामूहिक आत्महत्या’ या चित्रात हे तंत्र दिसतं.

या कार्यशाळेत 24 वर्षांचा जॅक्सन पोलॉकही होता. पुढे जमिनीवर कॅनव्हास पसरून वरून रंग सोडण्यासाठी तो जगभर गाजला. झेनित यांच्या चमूने 2019 मध्ये त्याचंही तंत्र तपासलं. दाट द्रवाची धार खाली पडताना मधासारखी वेटोळी घालते; हीदेखील द्रवाची एक अस्थिरताच. पोलॉकच्या रेषांत अशी वेटोळी क्वचितच सापडतात. हाताचा वेग आणि उंची तो अशी राखत असे की वेटोळी पडायला वावच मिळत नसे. गुरूने जी अस्थिरता हौसेने बोलावली, तिच्याच एका भावंडाला शिष्याने दाराबाहेर ठेवलं.