एक्सेलची आवराआवर: मेनूपासून एका ओळीच्या रिबनपर्यंत

एक्सेलच्या खिडकीत वर डाव्या कोपऱ्यात जी छोटी बटणांची पट्टी असते ना, सेव्ह, अनडू वगैरे, क्विक अ‍ॅक्सेस टूलबार, ती २०२१ मध्ये जे नवं रूप आलं त्यात बाय डिफॉल्ट लपवूनच टाकली. कारण दिलं ते नेहमीचंच, स्क्रीन मोकळी वाटावी, कामावर लक्ष राहावं. पट्टी परत आणता येते, रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या मोठ्या पट्टीवर, राइट क्लिक केलं की झालं, पण ज्याला माहितीच नाही की असं काही होतं तो शोधणार कशाला? याच मुद्द्यावर थोडं मागं जाऊन लिहितोय, कारण नवीन अपडेट आलं की लोक एकदम भडकतात किंवा एकदम कौतुक करतात आणि दोन्हीकडं हे विसरलं जातं की स्प्रेडशीटच्या स्क्रीनवरची ही आवराआवर पंचवीस वर्षं चाललीय.

आधी शब्दाचा घोळ. "पसारा कमी केला" असं म्हणतात तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. एक म्हणजे खरंच काढून टाकणं, दुसरं म्हणजे जागा बदलणं, आणि तिसरं म्हणजे माळ्यावर टाकणं, वस्तू घरातच आहे पण शिडी लावल्याशिवाय दिसत नाही. स्प्रेडशीटमध्ये पहिला प्रकार जवळजवळ होतच नाही, कारण कुणाच्या तरी वीस वर्षं जुन्या फाइलीत ते फीचर वापरलेलं असतं, ते काढलं की फाइल मोडली. मग उरतात जागा बदलणं आणि माळा, सगळा इतिहास या दोनांचाच आहे आणि जाहिरातीत मात्र दोन्हींना साफसफाईच म्हणतात.

अगदी सुरुवातीचं थोडक्यात. १९७९ च्या व्हिसिकॅल्क नावाच्या स्प्रेडशीटमध्ये स्लॅशची की दाबायची आणि वर एका ओळीत अक्षरं यायची, १९८३ च्या लोटस १-२-३ मध्येही स्लॅशच, फक्त अक्षरांऐवजी पूर्ण शब्दांचा मेनू. पसाऱ्याचा प्रश्नच नव्हता, पडद्यावर जागाच नव्हती. लोटसच्या मेनूवरून अमेरिकेत मोठी केस झाली, प्रतिस्पर्धी स्प्रेडशीटने तोच मेनू आपल्यातही दिला होता म्हणजे लोकांना नव्यानं शिकायला नको, आणि १९९५ ला अपील कोर्टानं सांगितलं की ४६९ कमांडची ही मांडणी म्हणजे मशीन चालवायची पद्धत आहे, तिच्यावर कॉपीराइट नाही. पुढं सुप्रीम कोर्टात ४ विरुद्ध ४ अशी समान मतं पडली, त्यामुळं तो निकाल तसाच राहिला. ही केस लक्षात ठेवा, पुढं लागेल. आणि हो, आजच्या एक्सेलमध्येही रिकाम्या सेलवर स्लॅश दाबून बघा, रिबनवर अक्षरं उमटतात, ती लोटसवाल्यांसाठी ठेवलेली सोय आहे, सेटिंगमध्ये लोटसचं नावसुद्धा आहे अजून.

एक्सेल १९८५ ला मॅकवर आलं, १९८७ ला विंडोजवर, १९९० च्या आवृत्तीत टूलबार आला आणि तिथून बटणांची भर सुरू झाली. दर आवृत्तीत चार नवीन गोष्टी, प्रत्येकीला मेनूत एक ओळ आणि टूलबारवर एक चित्र. बनवणाऱ्यांनीच, म्हणजे मायक्रोसॉफ्टनं, नंतर जोडीच्या वर्ड २००३ ची मोजणी सांगितली होती, ३१ टूलबार आणि वर १९ टास्क पेन, म्हणजे बाजूला उघडणाऱ्या पट्ट्या. एक्सेलही त्याच वळणावर होतं. ज्यांनी त्या काळात कुणाच्या पीसीवर काम केलंय त्यांना आठवत असेल, अर्धी स्क्रीन टूलबारांनी भरलेली आणि मधे कुठंतरी ट्रायल बॅलन्स, कारण कुणीतरी चुकून ड्रॉइंग, चार्ट, फॉर्म्स सगळं चालू केलेलं आणि बंद कसं करायचं हे कुणालाच माहिती नाही.

आवरायचा पहिला मोठा प्रयत्न ऑफिस २००० मध्ये (एक्सेल, वर्ड वगैरेंचा संच) झाला आणि तो माळ्याचाच प्रकार होता. मेनू उघडला की निवडकच ओळी दिसायच्या, खाली दोन छोटे बाण, त्यावर क्लिक केलं किंवा थोडं थांबलं की पूर्ण मेनू उघडायचा. तुम्ही जे वापराल ते वर दिसायला लागायचं, जे वापरणार नाही ते आत जायचं. शिवाय दोन मुख्य टूलबार एकाच ओळीत कोंबले, मावलं नाही ते बाणाच्या मागं. कागदावर हे हुशारीचं वाटतं. पण माणूस मेनू वाचत नाही हो, त्याचा हात जागा लक्षात ठेवतो, तिसरी ओळ, खालून दुसरी असं. आज तिसऱ्या ओळीवर असलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात पाचवीवर गेली की हाताला काही समजत नाही. शिकवणाऱ्यांचे तर हाल, कारण वर्गातल्या प्रत्येक पीसीवर मेनू वेगळा दिसायचा. पुष्कळ ठिकाणी इन्स्टॉल झाल्या झाल्या पहिलं काम म्हणजे कस्टमाइझमध्ये जाऊन पूर्ण मेनू कायम दाखवायची सेटिंग करणं.

आता मुख्य गोष्ट, २००७. मला या काळाबद्दल जास्त लिहायचंय कारण मी तेव्हा एका सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करत होतो आणि बदल अंगावर घेतलाय. जानेवारी २००७ मध्ये नवं ऑफिस दुकानात आलं आणि मेनू गेलेच. फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट ही ओळ नाही, टूलबार नाहीत, त्याजागी रिबन. ही जागा बदलायची पद्धत होती, माळा नव्हता, आणि त्यामागचा विचार प्रामाणिक होता असं माझं आजही मत आहे. बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की लोक जी नवीन फीचर मागतात त्यातली बरीचशी आधीपासून आहेतच, फक्त सापडत नाहीत, मग सगळं एकाच ठिकाणी आणा, नावासकट मोठी बटणं द्या, आणि चार्टचं सामान चार्ट निवडल्यावरच दाखवा. ही शेवटची गोष्ट तर खरी आवराआवर, त्याआधी चार्टचा टूलबार तरंगत सेलांवर येऊन बसायचा.

वाद झाला तो वेगळ्याच निर्णयावरून. जुना मेनू चालू ठेवायचा पर्याय दिलाच नाही. ना सेटिंगमध्ये, ना कुठं लपवून. हा मुद्दाम घेतलेला निर्णय होता आणि त्याची बाजू अशी मांडली जायची की पर्याय ठेवला तर निम्मे लोक कायम जुन्यातच राहतील, दोन्ही सांभाळावे लागतील, पुस्तकं दोन, ट्रेनिंग दोन, आणि नवीन कधीच रुळणार नाही. युक्तिवाद बरोबर आहे, पण कुणाच्या सोयीचा? बनवणाऱ्याच्या. कारण लोकांना अपग्रेड न करायची मोकळीकही नव्हती. त्याच आवृत्तीत ओळी ६५,५३६ वरून १०,४८,५७६ झाल्या आणि कॉलम २५६ वरून १६,३८४, फाइलचा फॉरमॅट बदलला, क्लायंटकडून नवीन फॉरमॅटची फाइल आली की जुन्या एक्सेलमध्ये वेगळा कन्व्हर्टर टाकल्याशिवाय उघडायची नाही. म्हणजे ज्याला लाखभर ओळींचा डेटा बघायचाय त्यानं रिबनही घ्यायचीच. ओळी आणि मेनू यांचा एकमेकांशी काय संबंध? काहीच नाही, फक्त एकाच डब्यात आले.

आमच्याकडं चार पीसींवर २००३ आणि दोनांवर २००७ होतं. सीनियर सर २००३ सोडायला तयार नव्हते आणि मार्च एंडिंगला ज्या पीसीवर जागा मिळेल तिथं बसायचं, त्यामुळं सकाळी मेनू आणि दुपारी रिबन असं व्हायचं. पहिल्या दिवशी मला प्रिंट सापडलं नाही. वर कोपऱ्यात तो गोल रंगीत लोगो होता तोच फाइल मेनू होता, पण त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं, आम्ही सगळ्यांनी तो सजावट म्हणून सोडून दिला होता. ही चूक नंतर मान्य झाली असंच म्हणायला हवं कारण २०१० ला त्या जागी "फाइल" लिहिलेला टॅब परत आला.

एक गोष्ट मात्र त्यांनी फार चांगली केली आणि तिचं कौतुक कमी होतं. जुन्या मेनूच्या कीबोर्डच्या वाटा तशाच ठेवल्या. मेनू दिसत नाही पण अल्ट, ई, एस, व्ही दाबलं की पेस्ट स्पेशलमधलं व्हॅल्यूज निवडलं जातं, अल्ट, डी, एफ, एफ दाबलं की फिल्टर लागतो, अल्ट, डी, पी नं पिव्होटचा जुना विझार्ड उघडतो. आजही. म्हणजे मेनूच्या भिंती पाडल्या पण दारं हवेत उभी ठेवली, ज्याला जागा पाठ आहे तो जातो बरोबर. ज्यांचा हात माउसवर होता त्यांचं नुकसान झालं, कीबोर्डवाल्यांचं फारसं नाही. आमच्या ऑफिसात हे पहिल्यांदा कळलं ते एका वयस्कर अकाउंटंट काकांमुळं, ते स्क्रीनकडं न बघताच टाइप करायचे आणि त्यांना दोन दिवस कळलंच नाही की काही बदललंय.

उंचीचा प्रश्न पण तेव्हाच सुरू झाला. रिबन आडवी पट्टी आणि बरीच उंच, आणि नेमक्या त्याच वर्षांत चौकोनी मॉनिटर जाऊन रुंद आणि बुटके यायला लागले. १०२४ बाय ६०० च्या छोट्या नेटबुकवर टायटल बार, रिबन, फॉर्म्युला बार, खाली शीटचे टॅब आणि विंडोजचा टास्कबार हे सगळं वजा केलं की मोजक्याच ओळी उरायच्या. स्प्रेडशीटला उभी जागा लागते, खाली लेजर चाललेला असतो. कंट्रोल आणि एफ१ दाबलं की रिबन मिटते हे तेव्हाही होतं, पण दिसेल असं बटण २०१० पर्यंत नव्हतं. रिबनवरची बटणं आपल्या मनानं हलवायची सोयही २०१० लाच आली, तोपर्यंत हातात फक्त ती वरची छोटी क्विक अ‍ॅक्सेसची पट्टी. म्हणून २०२१ ला तीच लपवली तेव्हा जुन्या लोकांना जरा जास्त लागलं.

दुसरीकडं मॅकवाल्यांना हा वादच फार कळला नाही. तिथं २०११ मध्ये रिबन आली पण मॅकच्या पद्धतीप्रमाणं मेनूची ओळ स्क्रीनच्या वर राहिलीच, दोन्ही एकत्र, आणि आभाळ काही कोसळलं नाही. दोन्ही सांभाळणं अशक्य आहे या युक्तिवादाला यापेक्षा सरळ उत्तर मला सुचत नाही.

आणि ती केस आठवते का? २००६ च्या शेवटी रिबनचं डिझाइन इतरांना फुकट वापरायचं लायसन जाहीर झालं, पण अट अशी की वर्ड, एक्सेल वगैरेंशी थेट स्पर्धा करणाऱ्या प्रोग्रामला ते मिळणार नाही. मेनूच्या मांडणीवर मालकी नाही असं कोर्टानं सांगून अकरा वर्षं झाली होती. लोटसचा मेनू सगळ्यांचा झाला त्याचा फायदा एक्सेललाही झाला होता, आणि आपली पाळी आल्यावर अट घातली. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

२०१३ ला प्रत्येक फाइल स्वतंत्र खिडकीत उघडायला लागली, दोन मॉनिटरवाल्यांसाठी झकास, पण प्रत्येक खिडकीला स्वतःची रिबन, एकाच स्क्रीनवर वर-खाली दोन फाइली लावल्या की रिबनच दोनदा. त्या आवृत्तीत टॅबची नावं सगळी कॅपिटलमध्ये होती, ते २०१६ ला मागं घेतलं. २०१६ लाच "काय करायचंय सांगा" अशी शोधायची जागा आली आणि माझ्या मते इथं दिशा बदलली, कारण शोधून मिळत असेल तर दिसायची गरज काय, असा विचार करता येतो. पुढची सगळी लपवालपवी त्याच्या जोरावर आहे.

बाकीच्यांनी काय केलं? गुगल शीट्स २००६ मध्ये आलं आणि पुढं त्यानं जुनाच फाइल, एडिट, व्ह्यूचा मेनू आणि एक टूलबार घेतला, आजही तसंच आहे, फक्त कोपऱ्यातल्या बाणानं मेनू मिटवता येतो. २००३ वर शिकलेल्या माणसाला शीट्स परकं वाटत नाही त्याचं हे एक कारण. लिबरऑफिस या फुकट ऑफिस संचानं २०१७ मध्ये रिबनसारखी पट्टी प्रयोग म्हणून दिली, २०१९ ला पक्की केली, पण डिफॉल्ट मेनू आणि टूलबारच ठेवले. व्ह्यूमध्ये जाऊन आपल्याला हवं ते रूप निवडायचं, सहा-सात प्रकार आहेत. दिसायला सगळे सारखे गुळगुळीत नाहीत, पण २००७ ला जो पर्याय नाकारला गेला तो इथं आहे, आणि तो सांभाळणारे हात कितीतरी कमी आहेत.

२०१८ मध्ये एका ओळीची सुटसुटीत रिबन जाहीर झाली, आधी ब्राउझरमधल्या वर्डसाठी. त्या वेळी स्पष्ट सांगितलं होतं की विंडोजवरच्या एक्सेलला एवढ्यात हात लावणार नाही, कारण लोकांच्या हाताला सवय आहे. हे वाचून मला बरं वाटलं होतं, अकरा वर्षं उशिरा का होईना हाताची सवय ही गोष्ट मोजली गेली. मग २०२१ चं रूप, गोल कोपरे, फिकट रंग, लपवलेली पट्टी. आणि आता एकीकडं मोकळ्या स्क्रीनच्या गोष्टी चालू असताना होम टॅबवर कोपायलटचं, म्हणजे एआय मदतनिसाचं, बटण येऊन बसलंय, ते मागितलं होतं का हा प्रश्न प्रत्येकानं आपल्यापुरता बघावा.

ब्राउझरमधल्या एक्सेलात सध्या रिबनच्या उजव्या टोकाला छोटा बाण आहे, तिथं मांडणीचे दोन पर्याय मिळतात. एक ओळीची रिबन, आणि दुसरी ती पूर्ण उंचीची, २००७ ला नवीन म्हणून आलेली. तिचं नाव तिथं "क्लासिक रिबन" असं दिलंय.