नव्याने बांधलेल्या टू-स्ट्रोक आउटबोर्डला (होडीच्या मागे लावायच्या इंजिनाला) तेल कोणतं घालाल?

तुमचं इंजिन बांधून तयार आहे. बोअर होन केला आहे (सिलिंडर आतून बारीक घासून घेतला आहे), पिस्टन आणि रिंगा नव्या आहेत, क्रँकची बेअरिंगही बदलली आहेत. आता पहिले दहा तास ते कसं चालतं यावर त्याचं आयुष्य ठरेल, आणि त्यात मोठा वाटा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचा आहे. म्हणून इंजिन होडीवर चढवण्याआधी हा कागद नीट वाचा, ही विनंती.

फोर-स्ट्रोकप्रमाणे या इंजिनात खाली तेल साठवलेलं नसतं. पेट्रोलबरोबर जेवढं तेल येतं तेवढंच बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनला मिळतं, आणि मग ते जळून जातं. त्यामुळे तेल किती घातलं याच्याइतकंच ते जळल्यावर मागे काय उरतं हेही पाहावं लागतं.

डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ शोधा

ही खूण रोमन अक्षरांत छापलेली असते. टू-सायकल, वॉटर-कूल्ड, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचं तेल. अमेरिकेतील नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन चाचण्या घेऊन ही मान्यता देते. मोटरसायकलचं टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी केलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच तेलांत धातूचे अंश असलेले घटक असतात आणि ते जळले की राख उरते. आउटबोर्ड तासन्‌तास एकाच जोराने ओढत असतं. ही राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगवर साचते, तापून लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवते. टीसी-डब्ल्यू३ तेलात असे राख सोडणारे घटक नसतात.

आम्ही बांधून दिलेलं एक इंजिन लवकरच परत आलं होतं. हेड काढलं तर पिस्टनच्या माथ्यावर नखाने न निघणारी करडी खरपुडी, आणि मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक. मालकाने तेल अगदी मापून घातलं होतं, पण घरात मोटरसायकलसाठी आणलेलं. नवा पिस्टन वाया गेला, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

ब्रँड कोणताही चालेल. मात्र डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनाला उत्पादकाने सांगितलेलंच तेल द्या. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑईल पेट्रोलमध्ये कधीही मिसळू नका.

मिनरल की सिंथेटिक, यावर मेकॅनिक मंडळींत एकमत नाही. आमचं मत असं, की पहिले दहा तास साधं मिनरल टीसी-डब्ल्यू३ वापरावं. होनिंगच्या बारीक रेघांवर रिंगा घासून बसायला हव्यात, आणि फार निसरडं तेल त्यात आडवं येतं. नंतर हवं तर सिंथेटिकवर जा.

प्रमाण

नेहमीचं प्रमाण ५०:१ (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल) असेल, तर पहिले दहा तास २५:१ ठेवा, म्हणजे लिटरला ४० मिली, दहा लिटरला ४००. त्यानंतर लिटरला २०. काही जुन्या इंजिनांवर १००:१ लिहिलेलं असतं. त्यांनाही आम्ही ५०:१ च सुचवतो. उत्पादकाच्या पुस्तिकेत रनिंग-इनसाठी, म्हणजे या सुरुवातीच्या तासांसाठी, वेगळं प्रमाण दिलं असेल, तर तेच पाळा.

तेलाचा पंप असलेल्या इंजिनाला या काळात पंप चालू ठेवून शिवाय पेट्रोलच्या टाकीतही ५०:१ मिश्रण घाला. तेलाच्या टाकीवर पेनाने खूण करा. पातळी खाली जाते आहे हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय साध्या पेट्रोलवर जाऊ नका.

‘असू दे थोडं जास्त’ म्हणून तेल वाढवू नका. प्लग ओले होतात, रिंगांच्या खाचांत कार्बन धरतो. शिवाय तेल पेट्रोलची जागा घेतं. कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक छिद्रातून) पेट्रोल कमी येतं आणि मिश्रण उलट कोरडं पडतं, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी होतं.

आधी अर्धं पेट्रोल, मग मापाने तेल, डबा हलवून घ्या, मग उरलेलं पेट्रोल. अंदाजाने ओतू नका. मागच्या हंगामाचं उरलेलं मिश्रण या इंजिनात नको.

सुरुवातीला धूर जास्त येईल. बांधताना लावलेलं तेल जळत असतं, घाबरू नका. पहिला तास थ्रॉटल पूर्ण उघडू नका आणि एकाच वेगावरही फार वेळ ठेवू नका. पाण्याची धार बाहेर पडते आहे ना, याकडे लक्ष असू द्या.

दहा तास झाले की इंजिन घेऊन या. आम्ही कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून आज लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहू. प्लग तसेच राहू द्या, काढून पुसू नका. तेल कसं जळतं आहे ते आम्हाला त्यांच्या रंगावरून कळतं.