लेखकाला पैसे कोण देतं? थोडी पार्श्वभूमी

ठाण्याचं ई साहित्य प्रतिष्ठान वर्षानुवर्षं मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फुकट वाटत आलं आहे. वाचकाकडे मागणी असते ती लेखकाला अभिप्राय कळवण्याची. ऑनलाइन लेखनाचं मोल अभिप्रायाने चुकतं करण्याची ही रीत आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते, की कुणी लेखाखाली यूपीआय आयडी दिला तर लिहिणारा आणि वाचणारा दोघंही अवघडतात.

पूर्वी पैसा वरून यायचा. पेशवाईत श्रावणात वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी चालू ठेवली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीने ते नाकारलं आणि नाटक छापून यायला १९७९ उजाडलं. पैसा एकाच हातात असला की काय होतं, ते यापेक्षा वेगळं सांगायला नको.

दुसरी वाट वर्गणीची. ठाण्यात १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र निघालं. त्या काळची वृत्तपत्रं आगाऊ वर्गणी आणि टपालहशिलावर चालत, आणि थकबाकीदारांना छापील तगादेही लावत! वाचक खिशात हात घालत होता तो असा. पुढे १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. महिन्याची वर्गणी भरून वाचायची सवय लागली, ती चांगलीच. पण एक प्रत शंभर जणांनी वाचली तरी लेखकाच्या पदरी मानधन पडायचं एकाच प्रतीचं. ब्रिटनने १९७९ मध्ये कायदा करून ग्रंथालयातून वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी लेखकाला मोबदल्याचा हक्क दिला. आपल्याकडे तशी तरतूद नाही. १९०९ च्या ‘मनोरंजन’ मासिकापासून दिवाळी अंक आले, त्यांचा मोठा आधार जाहिराती. राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं. नवलेखकांना ते अनुदान देतं, तेही पुस्तकासाठी.

म्हणजे इंटरनेट आलं तेव्हा वाचकाने थेट लेखकाला पैसे देण्याची सवय मागे पडली होती. जाहिरातीची आशाही उशिरा लागली: संकेतस्थळावर जाहिराती दाखवून त्यातला वाटा लिहिणाऱ्याला देणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्समध्ये हिंदी २०१४ ला आली, मराठी २०१८ ला. अमेरिकेत २०१३ मध्ये सुरू झालेल्या पॅट्रिऑन या संकेतस्थळाने लेखक-कलावंतांना दरमहा पैसे देणाऱ्या आश्रयदात्यांची कल्पना रुजवली, पण ती कार्डावर आणि बहुधा डॉलरात. त्यात ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वजावटीवर रिझर्व्ह बँकेने जादा पडताळणी बंधनकारक केली आणि परदेशी मंचांवरच्या अनेक भारतीयांच्या मासिक रकमा अडकल्या. नियम ग्राहकाच्या भल्याचा होता, फटका मात्र छोट्या लेखकांनाही बसला.

खरा बदल २०१६ च्या यूपीआयने केला. घोडबंदर रोडला कोथिंबिरीची जुडी क्यूआर स्कॅन करून घेणाऱ्या वाचकाला पन्नास रुपये धाडणं अवघड नाही. अडचण आता निराळीच आहे. पैसे पाठवणाऱ्याला समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं, आणि मराठीत टोपणनावाने लिहिणारे, त्यातही नोकरी सांभाळून किंवा घरच्यांच्या नकळत लिहिणाऱ्या बायका, थोड्या नाहीत. त्यांना अजून तरी अभिप्रायावरच भागवावं लागतं.