बंद सिलिंडरातला दाब कागदावर उतरवणारा इंडिकेटर

मुरगाव-वास्को भागात बोटीवर इंजिनीअर राहिलेल्या एखाद्या जुन्या तारवटीच्या, म्हणजे दर्यावर्दीच्या, कपाटात कधीकधी एक लाकडी पेटी सापडते. तिच्यात जाडजूड पितळी नळकांडे, शेजारी उभा ड्रम, टोकाला हूक असलेली दोरी आणि आकडे कोरलेल्या चार-दोन स्प्रिंगा असतात. हा इंजिनाचा इंडिकेटर.

बॉयलरवरचा काटा साठलेल्या वाफेचा दाब सांगतो. सिलिंडरात मात्र दट्ट्याच्या प्रत्येक फेरीत दाब चढतो आणि कोसळतो, तोही इतक्या झपाट्याने की काट्याकडे पाहून काही उमगणे शक्य नाही. जेम्स वॉट यांनी १७९० च्या सुमारास स्प्रिंगेने तोललेला छोटा दट्ट्या सिलिंडरला जोडून हा दाब पाहण्याची सोय केली. त्यांचे साहाय्यक जॉन सदर्न यांनी १७९६ मध्ये त्याला पेन्सिल लावली आणि तिच्यासमोर इंजिनाच्या चालीबरोबर मागेपुढे सरकणारी पाटी बसवली. माझ्या मते अस्सल बुद्धिमत्ता आहे ती या पाटीत. पेन्सिल दाबानुसार वरखाली होते आणि पाटी दट्ट्याबरोबर सरकते, त्यामुळे आडव्या दिशेने वेळ नव्हे तर सिलिंडरातील आकारमान नोंदले जाते. आणि दाब व आकारमानातील बदल यांचा गुणाकार म्हणजे काम असल्यामुळे, कागदावर उमटलेल्या बंद आकृतीचे क्षेत्रफळ एका आवर्तनात झालेले काम दाखवते. बोल्टन आणि वॉट यांच्या कंपनीने ही युक्ती कित्येक वर्षे गुपित ठेवली, यात नवल नाही. पुढे १८३४ मध्ये फ्रेंच अभियंते क्लापेरॉन यांनी त्यांचेच देशबांधव कार्नो यांचे उष्णतेविषयीचे विचार अशाच दाब-आकारमान आलेखाने मांडले.

पाटीच्या जागी नंतर फिरता ड्रम आला. इंजिने वेगवान होऊ लागली तेव्हा लांब, मऊ स्प्रिंग थरथरू लागली आणि रेघा नागमोडी येऊ लागल्या. अमेरिकेच्या चार्ल्स रिचर्ड्स यांच्या इंडिकेटरात, जो १८६२ च्या लंडन प्रदर्शनात मांडला गेला, स्प्रिंग आखूड व ताठ होती. दट्ट्याची इवलीशी हालचाल तरफांच्या जोडणीने मोठी होऊन पेन्सिलीपर्यंत पोहोचत असे.

स्प्रिंगेवरचा आकडा महत्त्वाचा. ४० ची स्प्रिंग असेल, तर कागदावरची एक इंच उंची म्हणजे दर चौरस इंचाला ४० पौंड दाब. आकृतीचे क्षेत्रफळ ४.५ चौरस इंच आणि लांबी ३ इंच भरली, तर सरासरी उंची १.५ इंच, म्हणजे सरासरी परिणामी दाब ६० पौंड. त्याला दट्ट्याचे क्षेत्रफळ, त्याची चाल आणि फेऱ्या यांनी गुणून ठरावीक आकड्याने भागले की अश्वशक्ती निघते. वेड्यावाकड्या आकृतीचे क्षेत्रफळ मोजण्यासाठी १८५४ पासून आम्सलर यांचे प्लॅनिमीटर हाताशी आले.

जाणकार इंजिनीअर मात्र आकडेमोडीआधी आकार पाहतो. वाफेची झडप उशिरा उघडत असेल, तर चढणारी रेघ उभी न राहता तिरपी कलते. वापरलेली वाफ बाहेर पडताना अडत असेल, तर खालची रेघ वातावरणीय दाबाच्या रेघेपासून बरीच वर राहते. ही वातावरणीय रेघ आधी आखून न घेतल्यास सारी आकृती अधांतरी लोंबकळते, म्हणून ती विसरणे हा या कामातला मोठाच आळस.

जहाजांच्या संथ डिझेल इंजिनांवरही हीच पद्धत चालली. सिलिंडरवरचा इंडिकेटर कॉक, म्हणजे उपकरण जोडायची छोटी तोटी, क्षणभर उघडून काजळी बाहेर फेकायची, उपकरण घट्ट बसवायचे आणि एकेका सिलिंडरचे कार्ड, म्हणजे कागदावरची आकृती, काढायचे; सगळी कार्डे शेजारी ठेवली की कोणता सिलिंडर कमी भार ओढतो आहे ते लगेच दिसते. आता अनेक जहाजांवर त्याच कॉकला इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावतात आणि क्षेत्रफळ संगणक मोजतो.